मास्तरांना दाखवायचा तुकडा

मास्तरांची नजर चुकली, असं त्या रंगखान्यात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याच्याच डोक्यावर गार पाणी ओतलं असतं. कापडाचे रंग जुळवणं हे मास्तरांचं काम. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवायचं आणि तसाच्या तसा रंग थानच्या थान कापडावर चढवून मागायचं. मास्तर तो तुकडा उत्तरेकडच्या खिडकीत धरून एकदा बघत आणि कपाटात ठेवून देत. रंग जुळेपर्यंत तो पुन्हा बाहेर काढायचा नाही, हा त्या खोलीचा कायदा. बाकीचे रंगारी तुकडा शेजारी ठेवून जुळवतात, मास्तर आठवणीतून जुळवायचे. ‘ज्या डोळ्याला आठवण नाही तो डोळा कसला? काचेची गोटी!’ असं वर ऐकवायचेही. माज होता म्हणा ना. पण तो त्यांना शोभायचा.

त्यांची लेक त्याच खोलीत त्यांच्या हाताखाली रंग तोलायची. घरी ती त्यांना बाबा म्हणे, पण फाटकातून आत पाऊल टाकलं की मास्तर. खालचे कामगार तिला चेष्टेने ‘छोटे मास्तर’ म्हणत आणि ती वरवर चिडून आतून सुखावत असे. बापाने सांगायचं, तिने तोलायचं, छोट्या भांड्यात रंग उकळून कापडाची चिंधी त्यात बुडवायची, वाळवायची आणि बापापुढे धरायची. बापाने मान हलवली की तेच माप खालच्या मोठ्या मशीनवर जायचं.

त्या आठवड्याच्या कामांचे सगळे तुकडे मास्तरांनी पंधरा दिवसांपूर्वीच बघून कपाटात टाकले होते. त्या दिवशी काम होतं मोतिया रंगाचं. पडद्याचं कापड, पांढऱ्यात जेमतेम पिवळ्याची झाक. असले फिके रंगच माणसाचा घाम काढतात, गडद रंग कुणीही करील. तिने पहिली चिंधी दाखवली.

‘‘पिवळी मारतेय. नीळ घाल थोडी,’’ मास्तर म्हणाले.

तिने घातली. दुसरी चिंधी दाखवली.

‘‘अजून पिवळीच आहे. हात आखडू नकोस.’’

तिसऱ्या चिंधीला मोतिया म्हणणं म्हणजे राखेला दूध म्हणण्यासारखं होतं. मास्तरांनी ती खिडकीत धरली, डोळे बारीक केले, मान वाकडी केली आणि म्हणाले, ‘‘हां. आता कसं! पाठव खाली.’’

ते हात धुवायला गेले तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा तो कायदा मोडला. कपाट उघडलं, गिऱ्हाइकाचा तुकडा काढला आणि चिंधीशेजारी धरला. आंधळ्यालासुद्धा कळावा इतका फरक होता.

आता खाली काय पाठवायचं? मास्तरांचं माप पाठवलं तर माल परत येणार. आणि कारखान्याचे मॅनेजर त्याचीच वाट बघत होते. रंग मोजणारं एक मशीन विकत घ्यावं असं त्यांच्या मनात होतं, आणि येताजाता ते हसत हसत म्हणत, ‘‘मास्तर, तुमचे डोळे म्हातारे झाले की सांगा हं, मशीनला कोपरा रिकामा ठेवलाय.’’ मास्तरही हसत. पण त्या हसण्याने त्यांचा घास कडू होतो, हे लेकीला ठाऊक होतं. मग तिने जे केलं ते बापावर माया असलेल्या कुठल्याही लेकीने केलं असतं, आणि म्हणूनच ते इतकं घातक ठरलं. तिने खाली बरोबर माप पाठवलं आणि मास्तरांची निळसर चिंधी खिशात कोंबली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने सरळ दोन भांडी मांडली. एका भांड्यात मास्तरांना दाखवायचा तुकडा, दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या मालाचा रंग. एकात मास्तर म्हणतील तेवढी नीळ, दुसऱ्यात तिच्या स्वतःच्या नजरेने. खालून माल बिनतक्रार जात होता, मास्तर खूश होते, मॅनेजर गप्प होते. आणि लेकीची मात्र पाचावर धारण बसली होती. मास्तर खिडकीकडून वळले की ती दुसरं भांडं अंगाआड घेई. हे डोळ्यांचं म्हातारपण असेल तर किती दिवस झाकायचं? मोतीबिंदू असेल का? कुणाला विचारायचं? नोकरी गेली तर बाबा जगतील कसे, हीच तिची भीती. बिचारी नोकरी जाईल म्हणून घाबरत होती, आणि इकडे माणूसच जायला निघाला होता.

कारण डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. झालं होतं ते पोटात.

मास्तरांचं हृदय काही वर्षांपासून ताल सोडून धडधडायचं. त्यासाठी रोज संध्याकाळी एक गोळी असे. ही गोळी मोठी मानी. कमी पडली तर काम करत नाही आणि जास्त झाली तर जीव घेते, आणि दोन्हींच्या मधली वाट अगदी अरुंद. इतरांना जेवढी पुरायची तेवढी मास्तरांना पुरत नसे. हृदयाचे डॉक्टर त्यांचं रक्त तपासत, कपाळाला आठ्या घालत आणि डोस वाढवत. ‘‘गोळी गिळता ना मास्तर? की खिशात घालता?’’ असा विनोदही त्यांनी एकदा केला होता. शेवटी बऱ्याच मोठ्या डोसावर गाडी रुळावर आली आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले.

मग मास्तरांची दाढ सुजली. गाल फुगून इतका वर आला की डोळा मिटायची वेळ आली. ते एकटेच दातांच्या डॉक्टरांकडे गेले, पू काढून आले आणि जंतू मारायच्या गोळ्या घेऊन आले. गाल उतरला. पण जेवणावरची वासना गेली. ताटावर बसत आणि दोन घास चिवडून उठत.

‘‘अहो, थोडं तरी खा. पोटात काही नसताना औषध कसं सोसेल?’’ आई म्हणे.

‘‘त्या औषधानेच तोंड मेलंय. कोर्स संपला की खाईन वाघासारखा.’’

त्यांना उलट्या सुरू झाल्या, तेव्हाही खापर दाताच्या औषधावरच फुटलं. ते तसं खोटंही नव्हतं. ‘‘कोर्स अर्धवट सोडायचा नाही,’’ असं आईने सगळीकडे ऐकलेलं, म्हणून ती न चुकता ती गोळी देई. आणि हृदयाची तर चुकवायची नाहीच. दोन्ही गोळ्या ती त्यांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवायची आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. इतकी काळजी घेणारी बाई शोधून सापडणार नाही.

लेक हे सगळं बघत होती. उलट्या घरी होत्या, रंग कारखान्यात होते. घर आणि कारखाना यांच्यामध्ये तिने बाबा आणि मास्तर अशी जी भिंत घातली होती, तिच्या दोन बाजूंना दोन काळज्या बसल्या होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी मास्तर रंगखान्याचा जिना उतरताना कठड्याला धरून उभे राहिले आणि तसेच खाली बसले. बॉयलरवाला धावत आला. त्याने त्यांना कवेत घेतलं आणि लेकीला हाक मारली.

‘‘काही नाही रे, गरगरलं जरा,’’ मास्तर म्हणाले. मग वर बघून हळूच विचारलं, ‘‘या भिंतीला कुणी पिवळा चुना दिला?’’

बॉयलरवाल्याने लेकीकडे पाहिलं. भिंत पांढरी होती. ‘‘मास्तर, गंमत करताय काय?’’ तो हसला. लेकीला हसू आलं नाही. तिने बापाचं मनगट धरलं. नाडी लागली, मग इतका वेळ पुढचा ठोकाच आला नाही की तिने बोटं आणखी दाबून धरली. आला तेव्हा तो दार वाजवून आत यायला कचरणाऱ्या माणसासारखा आला.

हृदयाच्या डॉक्टरांकडे ती त्यांना त्याच दुपारी घेऊन गेली. आईही आली. डॉक्टरांनी नाडी धरली, छातीला तारा लावून आलेख काढला, तो लांबवर धरून पाहिला. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जेवण? उलट्या? चक्कर?

‘‘दाताच्या औषधाने पोट बिघडलंय,’’ आईने सांगितलं. ‘‘आजच संपलं ते.’’

डॉक्टरांनी मान वर केली. ‘‘दातांच्या डॉक्टरांना ही हृदयाची गोळी चालू असल्याचं सांगितलं होतं?’’

‘‘त्यांनी विचारलं काही औषध चालू आहे का, मी म्हटलं नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘ही गोळी म्हणजे औषध थोडंच? ही तर रोजचीच.’’

डॉक्टरांनी एक सुस्कारा टाकला. ‘‘हे बघा, ठोके फार मंद झालेत. ही गोळी अंगात जास्त झाली की असं होतं. पण तुमच्या अंगात ती एवढ्या मोठ्या डोसानेही जेमतेम पुरते, मग जास्त व्हावी कशी? उलट्या आणि उपासमारीनेही माणूस असा ढेपाळतो. म्हणून एकच गोष्ट नीट आठवून सांगा. दिसण्यात काही फरक? सगळं पिवळट, हिरवट दिसतं? दिव्याभोवती कडं? रंग वेगळे वाटतात?’’

मास्तर खुर्चीत ताठ बसले. एवढ्या अशक्तपणात त्यांच्या अंगात ताठा कुठून आला कोण जाणे.

‘‘डॉक्टर, माझ्या डोळ्यांवर एक अख्खा कारखाना चालतो. हा सगळा आठवडा फिके रंग केलेत. मोतिया, दुधी, सायीचा. मशीनलासुद्धा जमणार नाहीत असे. एक थान परत आलेलं नाही. विचारा हिला.’’

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलंही नाही. बापाच्या बोलण्यात इतका खरेपणा होता की विचारायची गरजच वाटली नसावी. आणि मास्तर खरंच खोटं बोलत नव्हते. भिंत पिवळी दिसली तर चुना पिवळा असणार, कारण डोळे चुकत असते तर माल परत आला नसता का?

‘‘मग बहुतेक अशक्तपणाच,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आज सलाइन लावू. रक्त तपासायला पाठवतो, उद्या कळेल. तोवर गोळी चालू राहू द्या, एकदम तोडली तर हृदय पुन्हा उधळेल.’’

गोळी चालू राहू द्या. म्हणजे आज संध्याकाळी आई पेला घेऊन उभी राहणार. लेकीला तो तळहात दिसला. बोललं तर मास्तर मेले, कारण ज्या नजरेवर ते जगतात ती आठवडाभर फुकट गेली, हे त्यांना भर चारचौघांत कळणार. न बोललं तर बाबा. इतके दिवस मास्तर आणि बाबा वेगळे ठेवायची चैन तिने केली होती, ती आता परवडणार नव्हती.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘डॉक्टरांच्या अंगातला कोट कुठल्या रंगाचा आहे?’’

मास्तरांनी वैतागून पाहिलं. मग डॉक्टरांचा अपमान होऊ नये म्हणून आवाज खाली आणला. ‘‘आता त्यांच्या कोटाचं काय मध्येच? सायीचा आहे. थोडा जास्तच पिवळा. धुणारा नीळ चोरत असेल.’’

आईने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांचा कोट पांढराशुभ्र होता.

‘‘आठवडाभर असंच चाललंय,’’ लेक म्हणाली, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. ‘‘ते सांगतात ती नीळ मी खाली पाठवलीच नाही. दोन भांडी मांडते मी. एक त्यांना दाखवायला. कपाटातला तुकडा रोज काढून बघते. माल परत आला नाही तो माझ्यामुळे. त्यांना रंग कळत नाहीयेत डॉक्टर, त्यांना सगळं पिवळं दिसतंय!’’

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. बाजारात हात सुटलेलं पोर अनोळखी माणसांकडे बघतं तसं ते बघत राहिले. डॉक्टर तोवर उठून बाहेर गेले होते आणि नर्सला मोठ्याने खाट तयार करायला सांगत होते.

पुढचे काही तास लेकीने काचेच्या दारापाशी उभं राहून काढले. आत पडद्यावर मास्तरांच्या हृदयाची रेघ चालायची, थांबायची, मग भलत्याच ठिकाणी उसळायची. एकदा ती इतकी वेडीवाकडी झाली की आतली माणसं धावत आली आणि कुणीतरी दाराचा पडदा ओढला. आई बाकावर बसून स्वतःचा तळहात दुसऱ्या हाताने पुसत होती, पुन्हा पुन्हा, जणू त्याला काही लागलंय. ‘‘मीच दिल्या गं गोळ्या, माझ्या हातानं,’’ एवढंच ती म्हणे. लेकीला सांगायचं होतं की नाही आई, मी दिल्या, पण ती दारापासून हलली नाही. पडद्यामागे काय चाललंय हे कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. एवढी ती आयुष्यात कधी भ्याली नव्हती.

त्या गोळीवरचा उतारा मिळाला आणि तो लागू पडला. रेघ सावकाश शहाण्यासारखी चालायला लागली तेव्हा डॉक्टर बाहेर आले, बाकावर टेकले आणि त्यांनी दोघींना समजेल अशा भाषेत सांगितलं.

‘‘आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जंतू राहतात, भाडेकरूंसारखे. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपयोगाचे. पण काहींच्या पोटात एक जात अशी असते की ही हृदयाची गोळी तिला आवडते. ती गोळी मोडून खाते. मास्तरांच्या पोटात ही मंडळी असणार, असा माझा अंदाज आहे. मास्तर गोळी गिळायचे आणि बरीचशी तेच फस्त करायचे. रक्तात कमी दिसायची म्हणून मी वाढवत गेलो. म्हणजे आम्ही भाडेकरूंचंही ताट वाढत होतो.’’

‘‘आणि दाताच्या औषधाने...’’ लेक म्हणाली.

‘‘भाडेकरू मेले. ताट तेवढंच राहिलं. त्यांचा वाटाही मास्तरांच्याच रक्तात गेला. हे दाताचं औषध आणखीही एका वाटेने ही गोळी अंगात साठवतं, तेही झालं असेल. दोन्ही औषधं चांगली आहेत. एकत्र आली की अशी.’’ ते थोडे थांबले. ‘‘तुम्ही बोलला नसतात तर उद्या रक्ताचा निकाल घेऊन मी कुणाकडे आलो असतो, सांगता येत नाही.’’

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते असं, की तुम्ही आठवडाभर आधी बोलला असतात तर? ते डॉक्टर म्हणाले नाहीत, पण तिने ऐकलं.

मास्तर घरी आले. गोळी बंद होती, मग अगदी थोडी सुरू झाली. आणि आता एक नवाच घोर लागला. भाडेकरू परत येतील का, कधी येतील, किती येतील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आले तर गोळी पुन्हा कमी पडणार, न आले तर थोडीही जास्त होऊ शकते. रक्ताची तपासणी ठरलेल्या दिवसांनी व्हायची. ‘‘मधल्या काळात तुम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा,’’ डॉक्टर लेकीला म्हणाले होते. ‘‘रंगांबद्दल विचारत राहा. जरा शंका आली तर लगेच फोन करा.’’

ती रोज सकाळी विचारायची. उशीची खोळ?

‘‘पांढरी.’’

भिंत?

‘‘पांढरी. आता दिसतंय गं मला. उद्या जातो कामावर.’’

आईने हुश्श केलं. तेच शब्द ती दिवसभर आल्यागेल्याला सांगे. लेकीलाही एक-दोन दिवस हायसं वाटलं. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की उत्तर देताना बाबा भिंतीकडे बघतच नाहीत. ते तिच्या तोंडाकडे बघतात. उशीची खोळ पांढरी असते, भिंत पांढरी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला डोळ्यांची गरजच काय?

ती कारखान्यात गेली आणि फिक्या पिवळ्या कापडाचा एक तुकडा घेऊन दुपारच्या उजेडात घरी आली. मास्तर खिडकीशी बसले होते. समोरच्या ताटातले घास तसेच होते. तिने तो तुकडा त्यांच्या हातात दिला.

‘‘हा कुठला रंग?’’

मास्तरांनी तुकडा उजेडात धरला. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. सगळं पूर्वीसारखंच. मग त्यांची नजर तुकड्यावरून सरकून तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथे काहीतरी शोधू लागली. तिने चेहरा दगडाचा केला.

‘‘पांढरा,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला स्वच्छ पांढरा.’’

‘‘नाही बाबा. पिवळा आहे.’’

मास्तरांनी तुकडा मांडीवर ठेवला आणि तो तळहाताने सारखा करत बसले. ‘‘हॉस्पिटलातून आल्यावर दोन दिवस स्वच्छ दिसलं,’’ ते म्हणाले. ‘‘मग ते पिवळेपण परत आलं. म्हटलं, जाईल आपोआप. तू इतकी घाबरली होतीस दाराशी उभी राहून.’’

‘‘माझ्यासाठी खोटं बोलत होता?’’

‘‘तूही माझ्यासाठीच बोललीस ना?’’

आत आई भांडी घासत होती आणि कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की आता ह्यांना अगदी लख्ख दिसतंय. लेकीने फोन हातात घेतला. डॉक्टरांचा नंबर लावला.

‘‘पोरी,’’ मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी भीती होती की ती तिने त्या काचेच्या दारापाशीही ऐकली नव्हती. ‘‘आता मला काय दिसतंय ते मलाच कळत नाही. पुढे कसं कळायचं मला?’’

‘‘मी सांगेन ना.’’

‘‘आणि तू खरं सांगतेयस हे मी कशावरून ओळखायचं?’’

तिने फोन कानाला लावला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला तेव्हा मास्तर तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते.